खार्तूमच्या डावातलं प्यादं

गुरुजी,

एक तक्रार आहे आणि ती उंटाविषयी आहे. मी गेली कित्येक वर्षं ज्या देशात नोकरी करतो तो उंटांचा देश. रियाधहून हफ्र अल बातिनकडे गाडी काढली की उंटाचं चित्र रंगवलेल्या पाट्या लागतात, म्हणजे सांभाळा, हे महाशय केव्हाही रस्त्यावर येतील. इथे उंटांच्या शर्यती होतात, सौंदर्यस्पर्धा होतात, उंटिणीचं दूध बाटलीत मिळतं. आणि एवढ्या मानाचा प्राणी बुद्धिबळाच्या पटावर मात्र कुठेच नाही! तिरकं चालणाऱ्या आपल्या उंटाला हे लोक 'फील' म्हणतात, म्हणजे चक्क हत्ती. आपल्या हत्तीचा त्यांनी किल्ला करून टाकला. ज्यांच्या रानात हत्ती नाही त्यांनी पटावर हत्ती ठेवावा आणि ज्यांनी उंट फक्त सर्कशीत पाहिला त्या आपण उंट ठेवावा, ह्याला काय न्याय म्हणायचा? तुम्ही असतात तर पूर्वपक्ष, उत्तरपक्ष मांडून हा वाद दुपारभर चालवला असतात आणि शेवटी काकूंनी दोन्ही पक्षांना जेवायला उठवलं असतं. मी हा प्रश्न उस्तादांपुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, "या हिंदी (म्हणजे अरे हिंदुस्थान्या), उंट पटावर ठेवून करणार काय? तो कुणाचं ऐकतो?" खलास. तक्रार फेटाळली.

उस्ताद म्हणजे कुणी गवई नव्हेत. अरबीत शिक्षकाला उस्ताद म्हणतात. हे सुदानचे, ओमदुर्मानचे. इथल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि आता मुलाच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, अल मलाझच्या जुन्या वस्तीत राहतात. तरुणपणी ते सुदानच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत खेळले, पुढे बरीच वर्षं तिथे पंच होते. मी ज्या रुग्णालयात औषधं देतो, तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे नेलं. (हो, पाठशाळेतला तुमचा विद्यार्थी शेवटी औषधवाला झाला. तुम्ही गेलात तेव्हा मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि परीक्षा आहे म्हणून आलो नाही.) डॉक्टरही सुदानीच. त्यांना स्वतःला खेळता बेताचंच येतं, पण डाव ऐकायची हौस अशी की कीर्तनाला पुढची जागा धरून बसणाऱ्या माणसाची आठवण व्हावी. शुक्रवारी असरची, म्हणजे दुपारची नमाज झाली की आम्ही तिघे डॉक्टरांच्या घरी जमतो. मध्ये पट, बाजूला सुंठ घातलेली कडक कॉफी, आणि उस्तादांचा इतिहास.

सुदानात बुद्धिबळ कुणी आणलं ह्यावर पहिले काही शुक्रवार गेले. डॉक्टरांचं म्हणणं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबातून आलं. उस्ताद कप खाली ठेवून म्हणाले, "इंग्रजांनी पट आणला आणि दार लावून घेतलं. खेळ आणला तो रेल्वेनं." अतबरा म्हणून रेल्वेचं गाव आहे त्यांच्याकडे, तिथल्या कारखान्यातले सुतार बाभळीच्या लाकडातून लेथवर मोहरी काढायचे. तिथून पुढे खेळ पसरला तो बदल्यांमुळे. "सरकार मास्तरला एका गावात टिकू देत नसे," ते म्हणाले. "एक ट्रंक, एक खाट, एक पट. नाईलच्या काठाकाठानं हिवताप डासांनी पसरवला आणि बुद्धिबळ आम्ही." मग मॉस्कोला शिकायला गेलेली मुलं रशियन पुस्तकं घेऊन परतली. भाषा कुणाला येत नव्हती, पण चाली वाचता येत होत्या. मग क्लब झाले, शहरांचे सामने झाले, राष्ट्रीय स्पर्धा झाली. ओमदुर्मानला त्यांच्या क्लबाचं एक कपाट होतं, त्यात घड्याळं, करंडक आणि खेळलेल्या डावांचे कागद. क्लबाच्या मानद अध्यक्षांना घोडा कसा चालतो हे ठाऊक नव्हतं, पण ते दरवर्षी बक्षीस समारंभात त्यावर भाषण करत.

ते कपाट आता नाही. तिथे युद्ध चालू आहे. ज्या गल्लीत क्लब होता तिचे फोटो डॉक्टरांनी मला मोबाइलवर दाखवले आणि लगेच मोबाइल उलटा ठेवला. तेव्हापासून कैरो, जेद्दा, रियाध असे पांगलेले त्यांचे जुने खेळाडू ठरवून बसलेत की ज्याच्या डोक्यात जे उरलंय ते गोळा करायचं, आपल्या देशात हा खेळ कसा उभा राहिला हे एकदा लिहून ठेवायचं. आणि सर्वांत जास्त उरलंय ते उस्तादांच्या डोक्यात. त्यांना डाव पाठ आहेत, पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत.

इथे मला तुमची आठवण झाली, म्हणजे खरं तर आपल्या पाठशाळेच्या स्वयंपाकघराची. आम्ही चार-पाच मुलं भिजलेले वाल सोलत बसलोय. तुम्ही उंबऱ्याला टेकून, डोळे मिटून. समोर पट नाही, कारण हात वालांत गुंतलेले. तुम्ही म्हणता, "वजिरापुढचं प्यादं एक घर." मी म्हणतो, "घोडा बाहेर." काकू चुलीपाशी. "मुलांना बिरडं सोलायला बसवलंय की लढाईला?" तुम्ही डोळे न उघडता म्हणता, "दोन्ही चाललंय. हा पाच चालींत मरतोय, मग झपाझप सोलेल." आणि तुम्ही मला प्याद्यानं मारता. हत्ती, वजीर हाताशी असताना मुद्दाम प्याद्यानं. प्यादेमात म्हणजे आपल्या देशी खेळातला सर्वांत मोठा मान, आणि मार खाणाऱ्याची सर्वांत मोठी शोभा. काकू पदर तोंडाला लावून हसतात.

(तुमचा खेळ जगाचा खेळ नव्हता हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, ही दुसरी तक्रार. कॉलेजात पहिल्याच सामन्यात मी राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायला लावली. आपल्याकडे एकदा चालते ना! पंच म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हणालो, "परंपरा." डाव गेला.)

तर मी उस्तादांना म्हटलं, असे नुसते डाव सांगून जाऊ नका, आपण ते दोघं मिळून पाठ धरू. त्यांना जटापाठ समजावला. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं, मग दुसरं-तिसरं, अशी वेणी घालत जायची, म्हणजे एक शब्दही निसटला तर वेणी सुटते. समोरासमोर दोघांनी बसायचं, एकानं म्हणायचं, चूक झाली की दुसऱ्यानं बोट वर करायचं. मला वाटलं म्हातारे हसतील. ते सरसावून बसले. "या झोल," ते म्हणाले. सुदानी माणूस 'अरे बाबा' म्हणायच्या जागी हे म्हणतो. "लहानपणी मी खलव्यात होतो. कुराण पाठ करायची शाळा. आमचे शेख डोळे मिटून बसायचे. तीस पोरं एकदम तीस वेगवेगळ्या जागा म्हणतायत, आणि कुणाचं चुकलं की ते काठी लाकडी पाटीवर हाणायचे. टक! बरोबर त्याच पोराच्या पाटीवर." मग त्यांनी मारलेलं एक प्यादं उचललं आणि टेबलावर टक केलं. "तुझं बोट, माझं हे. यल्ला, सुरू कर."

गुरुजी, मला किती आनंद झाला सांगू. आमचे हे पाठ डॉक्टर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करत, मी ते ऐकून घरी संगणकावर स्वच्छ लिहून काढी, आणि ते कागद इतिहास जुळवणाऱ्यांकडे जात. माझी बायको म्हणायची, "शुक्रवारचे तुम्ही बरे दिसता." खरं होतं. उरलेला आठवडा गोळ्यांचा.

त्या सगळ्यात एक डाव उस्तादांचा स्वतःचा. खार्तूमला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा डाव, तो ते हरले. समोर अतबऱ्याचा एक रेल्वे गार्ड होता. शिट्टी गळ्यात घालूनच खेळायला आला होता म्हणे, कारण रात्रीची गाडी त्याची होती. तो जिंकला, विजेता झाला, आणि करंडक क्लबात ठेवून गाडीवर गेला. हा गार्ड आता नाही. त्याची मुलगी जेद्द्याच्या एका रुग्णालयात नर्स आहे. घरातून निघताना तिला वडिलांचं काही घेता आलं नाही, शिट्टीसुद्धा नाही. तिनं डॉक्टरांकडे एकच गोष्ट मागितली होती, तो डाव.

मधे उस्तादांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि काही शुक्रवार ते आले नाहीत. गार्डचा डाव कागदावर उतरवायचा तेवढा राहिला होता. मी म्हटलं, थांबायला कशाला हवं? तो डाव तर मला पाठ आहे. मी डॉक्टरांच्या मोबाइलपुढे बसून तो एकट्यानं म्हटला, घरी जाऊन लिहून काढला, ध्वनिमुद्रण परत ऐकायचीही गरज वाटली नाही. डॉक्टरांनी तो जेद्द्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी ते औषधाच्या खिडकीशी आले, डोळे पुसत. "तिचा फोन आला होता. म्हणाली, माझ्या बापानं प्याद्यानं मात केली! शेजारणींना सांगत सुटलीय." मी मान डोलावली, जणू मात मीच केली होती.

उस्ताद काळा चष्मा लावून परत आले. पहिलाच पाठ त्या डावाचा. मी म्हणत गेलो, ते मिटल्या डोळ्यांनी ऐकत गेले. शेवटाला आलो. राजा कोपऱ्यात, गार्डचं प्यादं एक घर पुढे, शह आणि मात.

टक.

मी थांबलो. परत म्हटलं. परत टक.

"प्यादं कुठून आलं?" उस्तादांनी विचारलं. "हत्ती. हत्ती खाली आला, शह दिला, मी पुढचं बघितलं आणि राजा आडवा केला. मात झालीच नाही. मी उठलो."

"तुम्हीच प्यादं सांगितलंत, उस्ताद."

"मी?"

"तुम्हीच."

ते कॉफी प्यायले. आणि गुरुजी, मी मनात हसलो. जिन्यात डॉक्टरांना गाठून म्हणालोसुद्धा, "म्हातारबाबा घसरायला लागले. हरल्याचं चालतं त्यांना, पण प्याद्याच्या हातून मेलो हे आता सहन होत नाही. म्हणून हत्ती आणलाय." डॉक्टरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाले, "आजारी माणसं ओळखायचं काम माझं आहे. तुमचं नाही."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मोबाइल पटाच्या शेजारी ठेवला आणि जुनी ध्वनिमुद्रणं एकामागून एक लावली. पहिल्यात उस्ताद म्हणतात, हत्ती. दुसऱ्यात, हत्ती. नंतरच्या प्रत्येकात हत्ती. आणि त्यांच्यामागोमाग दुसरा एक आवाज वेणी घालतोय, हत्ती-शह, शह-हत्ती, अगदी स्वच्छ उच्चारात, जरा जास्तच स्वच्छ. तो माझा आवाज. मग उस्ताद नसलेल्या शुक्रवारचं लागलं. त्यात मी एकटा. हत्ती नाहीच. त्याच्या जागी प्याद्याच्या तीन सुंदर चाली, सगळ्या नियमात बसणाऱ्या, एकमेकींत गुंफलेल्या, आणि शेवटी मात. कुठे अडखळणं नाही, श्वास चुकलेला नाही.

डॉक्टर हळूच म्हणाले, "डाव फार सुंदर आहे हो. पण झाला नाही."

मी काहीतरी हसून न्यायला बघितलं. म्हटलं, गार्डाचा मानच वाढवला मी, आमच्याकडे प्यादेमात म्हणजे केवढी गोष्ट. उस्तादांनी काळा चष्मा काढला. डोळा अजून लाल होता. "ऐक. तो साधं खेळायचा, रुळावरून गाडी जाते तसं. त्याला साधाच राहू दे. आणि मी हत्तीनं मेलोय. माझं घर गेलं, पुस्तकं गेली, क्लब गेला. माणसाला आपण कशानं मेलो एवढं तरी बरोबर माहीत असावं की नाही?" मग माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःच माझ्या कपात कॉफी ओतली आणि म्हणाले, "आता काय, उंट पण आणणार होतास की काय पटावर?" तिघंही हसलो. मी सर्वांत मोठ्यानं हसलो.

घरी येताना गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसलो. तुम्हाला तो दिवस आठवतो का? मी दहा-अकरा वर्षांचा. स्तोत्र म्हणताना एक चरण आठवेना, मी क्षणही न थांबता आठ अक्षरं जागेवर रचली आणि पुढे गेलो. कुणाला कळलं नाही. तुमचं बोट वर झालं. मला वाटलं शाबासकी मिळेल, कारण लघु-गुरू सगळे बिनचूक होते. तुम्ही म्हणालात, "छंद बसला. अर्थही बसला. म्हणून शिक्षा दुप्पट." आणि मला दिवसभर नुसतं ऐकायला बसवलंत, ओठ हलवायचे नाहीत. संध्याकाळी काकूंनी मला न सांगता पानात जास्त तूप वाढलं. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "विसरलास तर गप्प राहा. गप्प बसलेल्या मुलाला दुसरा मुलगा सांगतो. जुळवलंस तर सांगणार कोण? ऐकणाऱ्याला खड्डा दिसतच नाही." तेव्हा मी मनात म्हटलं होतं, एवढं काय त्यात.

पण गुरुजी, त्या दिवशी मला ठाऊक होतं की मी रचतोय. जीभ हलत असताना आत कुणीतरी चोरून बघत होतं. ह्या वेळी आत कुणी नव्हतं. मला ते प्यादं आठवलं. त्याची तिन्ही घरं आठवली. ध्वनिमुद्रण ऐकून झाल्यावरही, आज, आता, डोळे मिटले की मला तोच डाव दिसतो आणि हत्ती दिसत नाही. उस्ताद सांगतात म्हणून मी हत्तीवर विश्वास ठेवतो. शब्दप्रमाण म्हणायचो ना आपण? तेवढंच उरलंय.

मुलगी इथल्या भारतीय शाळेत बारावीला आहे. परवा तिला माझी कॉलेजातली राजाच्या उडीची गोष्ट सांगत होतो. तिनं मान वर न करता म्हटलं, "बाबा, यू टोल्ड मी. बट लास्ट टाइम यू वन." मी म्हटलं, काहीतरीच काय, हरलोच होतो मी. ती म्हणाली, "ओके." ते 'ओके' माझ्या डोक्यातून जात नाही.

जेद्द्याला पत्र लिहायचंय. डॉक्टर म्हणाले, मी फोन करून सांगतो तिला. मी म्हटलं, नको, चूक माझी आहे, मी लिहितो. त्याला आता बरेच दिवस झाले. रोज बसतो, 'ताई' एवढं इंग्रजीत कसं लिहायचं ह्यावर अडतो आणि उठतो. स्वयंपाकघरात जातो, पाणी पितो, परत येतो. बायको विचारते, "काय सारखं आत-बाहेर चाललंय? नोकरीत कफीलशी, मालकाशी काही झालं का?" मी म्हणतो, उकाडा आहे. एसी चालू असतो. तिला, त्या मुलीला, काय लिहू? तुमचे वडील जिंकले, पण तुम्ही शेजारणींना सांगितलंत तसे नाहीत? तुमच्या वडिलांच्या डावात मी माझ्या गुरूचं स्वयंपाकघर घातलं, क्षमा असावी? म्हणून तिच्याऐवजी तुम्हाला लिहीत बसलोय. तुम्हाला लिहिलेलं कुठे जाणार नाही, कुणाला चुकीचं कळणार नाही, हा त्यातला फायदा.

पण इथेही बघा. वर मी किती ठामपणे लिहिलं, आपण वाल सोलत होतो म्हणून. आता वाटतंय, पावटे असतील. काकू 'बिरडं सोलायला बसवलंय की लढाईला' असं खरंच म्हणाल्या, की त्यांना शोभतं म्हणून मी ते त्यांच्या तोंडी घातलं? तुम्ही मला प्याद्यानं मारायचात, हे तरी नक्की ना? काकू गेल्या. तेव्हाच्या मुलांपैकी कुणाचा पत्ता माझ्याजवळ नाही. बोट वर करू शकणारे तुम्ही एकटेच होतात.

रुग्णालयात माझी ख्याती आहे, गुरुजी. मात्रा बघायला पुस्तक उघडत नाही, हा चालतं पुस्तक आहे, असं नवी पोरं म्हणतात आणि मलाही ते आवडत आलं. हल्ली मी प्रत्येक औषध पुस्तकात बघतो, मग संगणकावर बघतो, मग परत पुस्तकात. खिडकीशी रांग वाढते. पोरांना सांगतो, नवा नियम आलाय. मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना आमच्याच मजल्यावर आहे. मी त्या बाजूच्या लिफ्टनं जायचं सोडलंय.

कामात अजून काही चुकलेलं नाही. म्हणजे, चुकलंय असं मला आठवत नाही, आणि माझी काळजी नेमकी तीच आहे. हे मी घरात कुणालाच बोललेलो नाही.